मागच्या सीटवरून : दोघांच्या मोटारसायकल प्रवासाच्या सामानाच्या प्रकल्प नोंदी

३० जून २०२४, रविवार

डिसेंबरअखेर पुण्याहून कच्छला मोटारसायकलने जाऊन यायचे, असे काल रात्री जेवताना ठरले. अकरा दिवस, दोन माणसे आणि एक हिमालयन ४५०, एवढीच सध्याची माहिती आहे. गाडी संजय चालवणार आणि मी मागे बसणार; नोंदी मात्र मी ठेवणार, कारण चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात बसून मोजमापे घेण्याचीच मला बावीस वर्षे सवय आहे.

दोन वर्षांपूर्वी जुन्या गाडीवरून हंपीला गेलो, तेव्हा एक मोठी सॅक मागच्या कॅरिअरवर बंजी दोरीने बांधली होती. ती सॅक प्रत्येक ब्रेकला इंचभर पुढे सरकत असे आणि विजयपूर येईपर्यंत तिने माझी जवळजवळ अर्धी जागा घेतलेली असे. सामान चालवणाऱ्याने ठरवले होते आणि ते सोसत मी बसले होते. त्यामुळे या वेळी दोन अटी मी आधीच लिहून ठेवते. वजनाचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही, आणि बॅग कोणतीही असो, ती गाडीला लावून मी मागे बसून पाहिल्याशिवाय तिचे पैसे द्यायचे नाहीत.

७ जुलै २०२४, रविवार

आज वजने केली. गाडीच्या माहितीपत्रकात ९० टक्के पेट्रोलसह वजन १९६ किलो आणि माणसे-सामानासह कमाल एकूण वजन ३९४ किलो दिले आहे, म्हणजे वर चढवता येणारा भार १९८ किलो. टाकी १७ लिटरची आहे. ती काठोकाठ भरली तर सव्वा किलोच्या आसपास आणखी जातात. क्रॅश गार्ड आणि खालची पत्र्याची ढाल आम्ही नंतर बसवून घेतली आहे, तिचे ६.२ किलो. उरले साडेएकशेनव्वद.

संजय हेल्मेट, जॅकेट, गुडघ्यांचे पॅड आणि बूट घालून काट्यावर उभा राहिला तेव्हा काटा ८६.६ वर थांबला. माझे त्याच पद्धतीने ६९.१ भरले. दोघांचे मिळून १५५.७ किलो झाले आणि कॅरिअर, बॅगा, हत्यारे, कपडे, पाणी या सगळ्यांसाठी ३४.८ किलो राहिले. हा आकडा पाहून संजय बराच वेळ काही बोलला नाही, कारण दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यावर एक टॉप बॉक्स असे चित्र त्याच्या मनात पक्के होते. मी माझे वजन कमी करावे अशी एक सूचना त्याच्याकडून आली; तिची येथे फक्त नोंद करते.

२१ जुलै २०२४, रविवार

दोन दुकाने पाहिली, एका मित्राच्या गाडीवरच्या पेट्या उतरवून घरच्या काट्यावर ठेवल्या, आणि कागदावर तुलना मांडली.

ॲल्युमिनियमच्या पेट्या पाहताक्षणी आवडतात हे मी मान्य करते. त्यांना कुलूप लागते, त्या पावसात भिजत नाहीत, हॉटेलच्या अंगणात रात्रभर गाडीवरच ठेवता येतात आणि चहाच्या वेळी त्यांचे टेबल होते. पण ३६ लिटरची एक पेटी रिकामीच ५.२ किलो भरली, त्यांना धरणारा लोखंडी सांगाडा साडेपाच किलोंचा, आणि टॉप बॉक्स त्याच्या पट्टीसह ५.८ किलोंचा. ही सगळी बेरीज २१.७ किलो होते, म्हणजे एकही कपडा भरण्यापूर्वी आमच्या ३४.८ पैकी जवळजवळ दोन तृतीयांश संपले. एकट्याने प्रवास करणाऱ्याला हा हिशेब लागू होत नाही, कारण मागच्या माणसाचे वजन त्याच्याकडे शिल्लक असते; दुकानात जे सल्ले मिळाले ते जवळजवळ सर्व एकट्यांच्या अनुभवाचे होते.

दुसरी गोष्ट पायांची आहे. मित्राच्या गाडीवर पेट्या लावलेल्या असताना मी मागे बसून पाहिले, तर माझ्या पोटरीमागे पेटीचा पुढचा कोपरा चार बोटांवर होता. गाडी डाव्या अंगाला पडली आणि पाय खाली आला, तर तो जमीन आणि पेटी यांच्यामध्ये सापडेल, ही भीती मला पेटीच्या कुलपापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. मऊ बॅग निदान दबते.

फायबरच्या पेट्यांचाही विचार केला. गिव्ही या इटालियन कंपनीच्या मोनोकी पद्धतीच्या पेट्यांवर प्रत्येकी १० किलोंची मर्यादा आणि ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असते. पेटीची लिटरमधली जागा पाहून लोक ती भरतात आणि किलोंची मर्यादा झाकणाच्या आतल्या स्टिकरवरच राहते.

निर्णय : दोन्ही बाजूंना मऊ सॅडलबॅगा, मागे लहान टेल बॅग आणि टाकीवर एक टँक बॅग. बॅगांचे मिळून ५.४ किलो. त्यांना आधार देणारे नळीचे कॅरिअर नाना पेठेत बनवून घ्यायचे.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

कॅरिअर तयार झाले, वजन ३.४ किलो. बुलेटवाल्यांमध्ये ज्याला लडाख कॅरिअर म्हणतात तसले जेरीकॅनच्या कड्यांसह भरभक्कम काम कारागीर सुचवत होता, ते नको म्हटले. भुज ते धोळावीरा या टप्प्यातही १७ लिटरच्या टाकीला जेरीकॅनची गरज पडत नाही.

वाद झाला तो साडी गार्डवरून. डाव्या बाजूचे कॅरिअर चाकाजवळ घ्यायचे तर साडी गार्ड काढावे लागेल, आणि मागची पकडायची दांडी काढली तर टेल बॅगची पट्टी सरळ बसेल, असे कारागिराचे म्हणणे होते.

‘‘वहिनी, सगळेच काढतात. तुम्ही कुठे साडी नेसून जाणार आहात?’’

साडी नेसणार नाही, पण माझ्या रेनकोटची सैल पँट आणि ओढणी आहेच. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम मी आदल्या रात्रीच वाचून गेले होते : मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला कायमची पकड, पाय ठेवायची सोय आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. २०२० साली याच नियमात डब्यांविषयी भर पडली. मागे लावायचा हलका डबा ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच याहून मोठा नसावा, आणि तो मागच्या सीटच्या जागेवर ठेवला तर गाडीवर चालकाशिवाय कोणी बसायचे नाही. कारागिराने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि डाव्या कॅरिअरच्या दोन कड्या साडी गार्डच्या बाहेरून वाकवून दिल्या. त्यासाठी त्याने शंभर रुपये जास्त घेतले, ते योग्यच होते.

उजवीकडे सायलेन्सर असल्यामुळे तिकडचे कॅरिअर मुळातच बाहेर आहे. गाडीच्या मध्यरेषेपासून बॅगेच्या मध्यापर्यंतचे अंतर डावीकडे ३० आणि उजवीकडे ३६ सेंटिमीटर भरले. हे आकडे पुढे लागतील.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

पावसाची चाचणी ताम्हिणी घाटात घेतली. बॅगांसोबत आलेली भडक नारिंगी पावसाळी आवरणे मुळशीच्या पुढे वाऱ्याने फुगली आणि उजवीकडचे आवरण माझ्या डोळ्यांदेखत उडून दरीत गेले. डावीकडच्या आवरणाने पाणी बाहेर अडवले नाही. जे आत शिरले ते मात्र जपून धरून ठेवले. घरी येऊन बॅग उलटी केली तेव्हा बादलीत दीड तांब्या पाणी पडले.

बाहेरून पाणी अडवण्याचा नाद सोडून द्यायचा, असे ठरवले. बॅग भिजली तर भिजू दे. आतल्या वस्तू तोंड गुंडाळता येणाऱ्या पिशव्यांत राहतील. अशा पिशवीचे तोंड निदान तीन वेळा गुंडाळले तरच पाणी थांबते, दोन घड्या पुरत नाहीत; हे मी बाथरूममध्ये शॉवरखाली ताडून पाहिले. दोन पिशव्या विकत आणल्या आणि दोन साखरेच्या पोत्यांच्या आत असतात त्या जाड प्लास्टिकच्या घेतल्या. वाण्याने त्या फुकट दिल्या आणि चाचणीत त्या विकतच्यांच्या तोडीस उतरल्या.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

टेल बॅगचा प्रश्न. ९ किलो भरून ती पूर्ण मागे सरकवली की माझी जागा मोकळी होते, पण बॅगेचा मध्य मागच्या आसाच्या ३८ सेंटिमीटर मागे जातो. गाडीच्या दोन आसांमधले अंतर १५१ सेंटिमीटर आहे, त्यामुळे हे ९ किलो पुढच्या चाकावरचा सव्वादोन किलो भार उचलून घेतात आणि मागच्या चाकावर सव्वाअकरा किलो टाकतात. आकडा किरकोळ वाटतो. पण आसाच्या मागे बसलेली पट्टी आणि बॅग, चढाचा रस्ता आणि मागे बसलेली मी असे सगळे एकत्र आले की हँडल हलके लागते, असे संजय गेल्या रविवारपासून सांगत होता.

माझे आजोबा बैलगाडी भरताना यासाठी दोन शब्द वापरत : मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त भरली की धुरजड. उलाळ गाडीत जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. आमच्या गाडीत पुढचे २१ इंची चाक उचलल्यासारखे होते. दुकानातल्या एकाही माणसाला या दोषाचे नाव सांगता आले नव्हते.

उपाय म्हणून टेल बॅगमध्ये फक्त हलक्या आणि फुगीर वस्तू ठेवायच्या, वजन साडेचार किलोंपुढे जाऊ द्यायचे नाही, आणि हत्यारांचा जड भाग टाकीवरच्या बॅगेत घ्यायचा. टाकीवरचे साडेचार किलो मागच्या आसाच्या साधारण ८० सेंटिमीटर पुढे बसतात आणि पुढच्या चाकाला जवळजवळ अडीच किलो परत देतात.

चढण्या-उतरण्याबद्दल : टेल बॅग सीटच्या वर एक वीत उंच असेल तोवर माझा पाय तिच्यावरून जातो, त्याहून उंच असेल तर बूट बॅगेत अडकतो. संजयने आधी बसून गाडी सरळ धरायची, मी डावा पाय फूटरेस्टवर ठेवून घोड्यावर बसावे तसे उभे राहून उजवा पाय पलीकडे टाकायचा, आणि ‘‘चढते’’ असे सांगितल्याशिवाय हालचाल करायची नाही. हे शेवटचे आज विसरले आणि आम्ही पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या स्कूटरवर कलंडलो. स्कूटरच्या आरशाचे तीनशे वीस रुपये प्रकल्पाच्या खर्चात धरले आहेत.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

हरिहरेश्वर–केळशी असा दोन दिवसांचा पूर्ण भाराचा प्रवास करून आत्ता रात्री साडेनऊला परत आलो. बरेच शिकलो आणि एक बॅग जाळली.

बागमांडला–वेश्वी फेरीबोटीवर मोटारसायकली कठड्याला चिकटवून अगदी दाटीने लावतात. आमची गाडी हँडलपाशी नव्हे, बॅगांपाशी अडली. नंतर मोजले तेव्हा बॅगांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर ९४ सेंटिमीटर निघाले. मऊ असल्याने त्या दाबून आत घेता आल्या, तरी बोटीवरच्या माणसाने ‘‘घर घेऊन निघालात का?’’ असे विचारलेच. ॲल्युमिनियमच्या पेट्या असत्या तर त्या तिथेच उतरवाव्या लागल्या असत्या. संजय गाडी बारीक जागेतून काढताना हँडल गेले की सगळे गेले असे धरून चालतो, ती सवय आता बदलावी लागेल.

जळण्याची हकिगत अशी. परतीच्या वाटेवर उजव्या बॅगेत कपडे कमी झाले होते, कारण ओले कपडे मी डावीकडे हलवले होते. बॅग अर्धी रिकामी झाल्यावर तिचे पट्टे पुन्हा आवळायला हवे होते, ते आवळले नाहीत. म्हसळ्याच्या अलीकडे मला रबर जळल्यासारखा वास आला. आधी वाटले पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असेल. थांबून पाहिले तर बॅगेचा खालचा कोपरा लोंबून सायलेन्सरला टेकला होता. दहा रुपयांच्या नाण्याएवढे भोक, त्याच्या कडांना काळा चिकट गोळा, आणि आत केळशीहून आणलेल्या आमसुलांच्या पिशवीचे प्लास्टिक वितळून माझ्या स्वेटरला चिकटलेले. स्वेटरला आमसुलाचा वास लागला आहे, तो दोन धुण्यांत जाईल असे वाटत नाही.

दोष बॅगेचा नव्हता. भरलेली बॅग आणि अर्धी बॅग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आम्ही चाचणी फक्त भरलेल्या बॅगेची घेतली होती.

रात्री समोरून येणारे अनेक जण आम्हाला दिवे मारत होते, तेही लिहून ठेवते. मागचा भाग दबल्यामुळे आमचा दिवा वर गेला होता.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

उजव्या कॅरिअरला सायलेन्सरच्या वर पत्र्याची पट्टी बसवली, ०.४ किलो वाढले. बॅगेला आतून आणि बाहेरून ताडपत्रीचे ठिगळ लावले. लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या छत्रीवाल्याकडून ते शिवून घेतले, त्याने दुहेरी टीप मारून दिली. बंजी दोऱ्या कायमच्या काढून टाकल्या : तणावाखालचा हूक सुटला तर डोळ्याला इजा होते, आणि सुटलेली दोरी चाकात किंवा साखळीत जाते. त्यांच्या जागी बकलचे सपाट पट्टे घेतले, आणि पट्ट्यांची लोंबणारी टोके बांधायला जुन्या सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या कड्या घेतल्या, ज्या गावाकडे दुधाच्या किटल्या बांधायला वापरतात.

मागच्या शॉकअपची मोजणी केली. चाक अधांतरी असताना आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत ६१२ मिलिमीटर. आम्ही दोघे आणि सामान असताना ५१८. म्हणजे चाकाच्या वर-खाली होण्याच्या २०० मिलिमीटरच्या चालीतले ९४ उभ्या गाडीतच संपत होते. चालीचा साधारण तिसरा हिस्सा दबावा असा ठोकताळा आहे. स्प्रिंगची रिंग पान्याने आवळत नेली, तेव्हा दाब ७१ वर आला. त्यानंतर दिव्याची उंची गॅरेजच्या भिंतीवर खूण करून खाली घेतली. टायरमधली हवा दोघांच्या भारासाठी पुस्तिकेत दिली आहे तेवढी भरली. आजवर आम्ही एकट्याचीच हवा ठेवून दोघे फिरत होतो, हे लिहिताना जरा ओशाळायला होते.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

अंतिम भरणी. कॅरिअर, बॅगा आणि पत्रा वजा जाता सामानासाठी २५.६ किलो आहेत आणि आम्ही २४.७ वर थांबलो. गाडीला ट्यूबची चाके असल्याने पुढची-मागची ट्यूब, टायर उतरवायचे पाने, हवेचा पंप आणि क्लच केबल यांनाच ५.३ किलो लागले. यात काटछाट करायची नाही यावर आमचे एकमत झाले. कपड्यांवर मात्र झाले नाही. माझे ३.९ किलो आणि संजयचे ४.३, तरीही ‘‘तुझ्या बॅगेत जागा आहे ना?’’ हा प्रश्न त्याचाच. ०.९ किलो दिवाळीतल्या उरलेल्या चिवड्याला दिले आहेत.

वाटणी : डावीकडे ९ किलो, उजवीकडे साडेसात, मागे साडेचार, टाकीवर ३.७. डावे-उजवे असमान मुद्दाम ठेवले आहे. नऊ गुणिले तीस आणि साडेसात गुणिले छत्तीस हे दोन्ही २७० होतात, त्यामुळे गाडी सरळ उभी राहते. हात सोडून पाहण्याचा प्रयोग संजयने सोसायटीच्या रस्त्यावर एकदा केला. पुन्हा करू नये असे मी सांगितले आहे.

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार, भुज

मोटारसायकलींना द्रुतगती मार्ग बंद असल्याने पुण्यातून जुन्या रस्त्याने खंडाळा उतरलो, आणि वडोदऱ्यापासून अहमदाबादलाही जुन्याच महामार्गाने आलो. वाटेत दोन वेळा थांबून पट्टे आवळले, एवढेच.

परवा खावड्याहून धोळावीऱ्याला गेलो. दोन्ही बाजूंना पांढरे रण आणि मधून सरळ रस्ता, असा तो सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा आहे. तिथे बाजूचा वारा इतका होता की संजय गाडी तिरकी धरूनच चालवत होता. शेजारून गेलेल्या एका गाडीवर तीन पेट्या होत्या आणि तिचा मागचा भाग झुलताना मला दिसत होता. आमच्या बॅगा वाऱ्याला कमी पृष्ठभाग देतात, हा फायदा मी कागदावर धरलाच नव्हता.

मिठाची बारीक धूळ बॅगांच्या चेनमध्ये बसते आणि चेन अडकते. धोळावीऱ्यात मुक्कामाच्या ठिकाणी मेणबत्तीचा तुकडा मागून घेतला आणि सर्व चेनवर घासला. तेल लावले असते तर धूळ अधिकच बसली असती.

आज अजरखपूरला दोन चादरी आणि एक ओढणी घेतली. हॉटेलवर हातकाट्याला लावली तर २.८ किलो, आणि आमच्याकडे चिवडा संपल्यानंतरही १.८ किलोच शिल्लक. संजय म्हणाला, ‘‘एवढ्याने काय होते?’’ मी त्याला ही वही दाखवली. चादरी भुजच्या टपाल कार्यालयातून पार्सलने पुण्याला पाठवल्या. ओढणी टेल बॅगमध्ये आली.

५ जानेवारी २०२५, रविवार

परतलो त्याला पाच दिवस झाले. बॅगा धुवून गॅलरीत उलट्या टांगल्या आहेत. उजवीकडचे ठिगळ शाबूत आहे. डावीकडच्या पुढच्या बकलचा एक दात तुटला आहे, ते बकल बदलायचे.

संपूर्ण प्रवासात एकदाही बाहेर न काढलेल्या वस्तू वेगळ्या करून काट्यावर ठेवल्या : ३.१ किलो. त्यात संजयचे दोन टी-शर्ट, माझे एक जाड पुस्तक, कॅमेऱ्याचा स्टँड आणि दुसरी चप्पल. दोन ट्यूबही वापरल्या नाहीत, पण त्या या ढिगात धरलेल्या नाहीत.

माझ्या जागेबद्दल : अहमदाबाद–भुज हा ३३० किलोमीटरचा दिवस संपवून उतरले तेव्हा पाठ दुखत नव्हती, पण उजवा गुडघा आखडला होता. उजवी बॅग बाहेर असल्यामुळे तो पाय मी नकळत पुढे घेऊन बसत होते. उजवे कॅरिअर चार सेंटिमीटर मागे सरकवता येईल का, हे विचारायला पुढच्या रविवारी नाना पेठेत जायचे आहे. सरकवले तर आसामागचे वजन थोडे वाढेल. तो हिशेब त्याआधी करून ठेवते. चादरींचे पार्सल काल आले.